माहीत असलेली माणसं

आठवीच्या सहामाही परीक्षेत माझ्या मुलीचा मराठीचा पेपर मीच तपासला. टेंभुर्णीच्या आमच्या शाळेत मराठीला दोनच शिक्षक. खरं तर तिचा पेपर मी दुसऱ्या सरांकडे द्यायचा, पण ते रजेवर होते. पहिल्या पानावर अक्षर ठीक होतं. तिसऱ्या पानापासून ते बारीक होत गेलं, ओळ सोडून खाली उतरायला लागलं, आणि निबंधातले काही शब्द तर मलाही लागले नाहीत. मी पाच गुण कापले. घरी येऊन तिला म्हणालो, "मराठीच्या मास्तराच्या पोरीचं अक्षर असं?" आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर बसून रोज एक पान शुद्धलेखन लिहायला लावलं.

त्या वह्या माझ्याकडे आहेत. दोन भरल्या. तारखेप्रमाणे पानं उलटली तर आजार कसा पुढे सरकला ते कुठल्याही रिपोर्टपेक्षा तिथे नीट दिसतं. प्रत्येक पानाखाली लाल पेनाने माझा शेरा आहे. सुधारणा नाही. लक्ष नाही. एका पानाखाली लिहिलंय, मुद्दाम करतेस.

माझी मुलगी पंधराव्या वर्षी गेली. आजाराचं नाव विल्सन. आपण खातो त्या अन्नात थोडं तांबं असतंच, आणि जास्तीचं शरीर बाहेर टाकून देतं. या आजारात ते बाहेर पडत नाही. आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, एकाकडून आला तर माणूस धडधाकट राहतो. वेळेवर कळलं तर रोज गोळ्या घेऊन माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. हे वाक्य मी आता न अडखळता म्हणू शकतो, कारण गेल्या वर्षभरात फार वेळा म्हटलं आहे.

हा आजार आमच्या घराण्यात पूर्वी होऊन गेला होता आणि त्याचं नाव घरात माहीत होतं, हे मला मुलगी आजारी पडल्यावर वर्षाने कळलं. कुणाकुणाला माहीत होतं आणि ते पोटात ठेवून माणसं कशी राहिली, ते मला लिहून काढायचं आहे. त्या माणसांत शेवटी मीही येतो.

आमच्याकडे मामाची मुलगी करतात. माझे मामा भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. त्यांची मुलगी माझी बायको. तीन वर्षांनी माझी धाकटी बहीण त्यांच्या मुलाला दिली. दोन्ही सोयरिकी एकाच बैठकीत ठरल्या होत्या. साटंलोटं म्हणतात त्याला. त्यामुळे माझी बायको जाऊन माझ्या बहिणीच्या घरी माहेरपण करते आणि माझी बहीण माझ्या घरी. बहिणीला एक मुलगी आहे, आता दहा वर्षांची. माझ्या मुलीचं रक्त कुठून आलं आणि तिचं कुठून आलं, यात काडीचाही फरक नाही.

अक्षरानंतर हात आला. चहाचा कप तिच्या हातात बशीवर वाजायचा. मग तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. मग जीभ जड झाली. वर्गात वाचायला उभी केली की मुलं हसायची आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची, जरा जास्तच वेळ. जाफराबादच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, घरी काही ताण आहे का, आणि मी शुद्धलेखनाचं सांगितल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, थोडं सोडा तिला." गावातल्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्य केंद्राच्या आशा सेविकेने, माझ्या बायकोला बाजूला घेऊन नजर उतरवायला सांगितलं. आम्ही तेही केलं.

आणि मी तांब्याचं पाणी सुरू केलं. पेपरच्या पुरवणीत वाचलं होतं. तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलेलं पाणी, सकाळी उपाशीपोटी, दोन पेले. मज्जातंतूंना चांगलं, असं लिहिलं होतं. घागर मी स्वतः जालन्याच्या बाजारातून आणली होती. लेक कुरकुरायची, मी समोर उभा राहून प्यायला लावायचो.

त्या दिवाळीत मामा आले होते. ओसरीवर बसून ती पेला दोन हातांनी धरून पीत होती, तेव्हा ते बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिले.

"हे काय पाजून राह्यला पोरीला?"

"पाणीच आहे, मामा. तांब्यातलं."

"माठातलं देत जाय."

"का?"

"सर्दी व्हती तांब्याच्या पाण्यानं."

मी हसलो. म्हणालो, "उलट आहे मामा. पेपरात सविस्तर आलंय. तुम्हीही घेत जा."

"बराबर हाये. तू मास्तर, तुला जास्त ठावं."

तेवढं म्हणून ते उठले, तिच्या हातातला पेला घेतला आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडाला ओतला. "बाई, तू माठाचंच पेत जाय," ते तिला म्हणाले. जेवायला थांबले नाहीत. दिवाळीच्या दिवशी लेकीच्या घरून माणूस उपाशी जातो म्हणून माझी बायको दिवसभर घुमी होती. मी तिला म्हणालो, म्हातारपणी माणसं विक्षिप्त होतात. पाणी मी बंद केलं नाही.

पुढच्या दिवाळीच्या आधी तिला संभाजीनगरला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि नाडी बघायच्या आधी डोळ्याच्या विभागात पाठवलं. यंत्रावर हनुवटी टेकवून बसवलं. डोळ्याच्या काळ्या भागाभोवती तपकिरी कडं होतं. ते तांबं होतं.

बाहेर आल्यावर मुलीने मला विचारलं, तिचं बोलणं एव्हाना फक्त आम्हा दोघांनाच कळायचं, "पप्पा, माझ्यात तांबं आहे?"

"हो. थोडं."

"म्हणजे मला भंगारवाल्याकडे नेलं तर आईपेक्षा जास्त भाव येईल."

आई म्हणाली, "मला कशाला मधे घेतेस?"

"तू लोखंडाची आहेस," ती म्हणाली, आणि मग हसू आवरेना तिला. त्या आजारात हसू आवरत नाही, हे आम्हाला त्या दिवशीच कळलं होतं. पण हे हसू तिचं स्वतःचं होतं, असं मी धरून चालतो.

डॉक्टरीणबाईंनी मला दोन प्रश्न विचारले. नवराबायको नात्यातले आहात का. मी म्हणालो, मामाची मुलगी. घराण्यात लहान वयात कुणाला लिव्हरचा त्रास, हातापायांना कंप, असं काही. मी म्हणालो, नाही.

मला त्या क्षणी एक माणूस आठवला होता. माझ्या बायकोचा थोरला भाऊ, माझ्याच वयाचा. सुट्टीत आम्ही एका ताटात जेवायचो. मी जालन्याला वसतिगृहात राहून बारावीची तयारी करत होतो तेव्हा तो गेला. परीक्षा संपेपर्यंत मला कुणी कळवलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, कावीळ. कावीळ कुणालाही होते. मी डॉक्टरीणबाईंना नाही म्हणालो ते खोटं बोलायचं म्हणून म्हणालो नाही.

मग तपासणी. चोवीस तासांची सगळी लघवी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जमा करायची, एकदाचीही बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि डबा प्रयोगशाळेत द्यायचा. नर्स माझ्या बायकोला समजावून सांगत होती. बायको डबा हातात घेऊन ऐकत होती. नर्स गेल्यावरही तशीच उभी.

"काय झालं?"

"असं माझं केलं होतं," ती म्हणाली.

"काय केलं होतं?"

"हेच. डबा. मी पाचवीत होते. दादा दवाखान्यात होता तेव्हा. मला आणि धाकट्याला औरंगाबादला आणलं होतं. दिवसभर डब्यात करायला लावलं. मी लाजून एकदा बाहेर करून आले, तर आप्पांनी मारलं होतं मला. दुसऱ्या दिवशी परत सगळं पहिल्यापासून." आप्पा म्हणजे तिचे वडील, माझे मामा.

"का करतात ते विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाले, कुणाला बोलायचं नाही. मला वाटायचं माझ्यात काही खोट आहे. लग्न झाल्यावर तुम्हाला कळेल म्हणून किती दिवस भीती वाटायची. मग मी विसरूनच गेले."

सत्तावीस वर्षांनी तसाच डबा हातात धरून ती उभी होती. दादाची कावीळ ही साधी कावीळ नव्हती, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटा धावड्याला गेलो. बहीण नवऱ्याबरोबर भोकरदनला सोनोग्राफीसाठी गेली होती. तिला पाचवा महिना होता. भाची शाळेत. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मामा ओट्यावर सोयाबीन वाळत घालत होते. मी आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी ते परत विचारलं नाही, त्यावरूनच मला सगळं समजलं.

ते आत गेले. लोखंडी पेटी उघडली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याचं कार्ड होतं. वर इंग्रजीत निळ्या शाईने आजाराचं नाव. आणि खाली, त्या वेळच्या कुणा डॉक्टरने मुद्दाम मराठीत, सुटं सुटं, मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो. सख्ख्या भावंडांची तपासणी करावी. घरात नात्यातली लग्नं करू नयेत. नातेवाइकांना सांगावे.'

इतकं चांगलं अक्षर मी कुठल्या डॉक्टरचं पाहिलेलं नाही.

"मामा, तुम्हाला वाचता येतं."

"चौथी झालोय."

"मग?"

"मग काय? वाचलं. भावंडायची तपासणी करा म्हणले, केली. दोघंबी चांगले निंघाले. मी म्हणलं, गेलं ते पोरासंगं."

"नातेवाइकांना सांगावे, असं लिहिलंय."

"कुणाला सांगू? घरात पोरगी अकरा वर्षाची. पोरगं नऊ वर्षाचं. अशा घरात कोण पोरगी देतं? कोण करून घेतं?"

"म्हणून माझ्या गळ्यात."

"तुझी आय आल्ती मागायला," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी गेल्तो का तुझ्या दारात? म्या तिला कागद दाखवला. म्हणलं, अक्का, डॉक्टरनं असं असं लिव्हलंय. ती म्हणली, मंग तर घरातच देऊ घरात घेऊ. बाहेरचा माणूस इचारपूस करतो. घरातला न्हाई करत."

मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे. घरात चार कपाटं पुस्तकं आहेत. पण असं वाक्य त्यातल्या एकाही पुस्तकात मी वाचलेलं नाही. आजार नात्यातल्या लग्नातून येतो हे लिहिलेला कागद हातात असताना, तो कागद बाहेर पडू नये म्हणून यांनी दोन्ही लग्नं नात्यात केली. एक झाकायला केलेली गोष्ट, आणि तीच नेमकी आजाराला दार उघडणारी. माझ्या आईने आणि मामांनी, दोघांनी मिळून, मायेने.

"तुम्ही माझ्या घरी तांब्याचं पाणी ओतून दिलंत."

"व्हय."

"म्हणजे तेव्हा कळलं होतं."

"शंका आल्ती. माझ्या पोराचा हातबी तसाच..."

"सर्दी होते म्हणालात. एक वर्ष गेलं, मामा."

त्यांनी कार्ड परत पिशवीत घातलं. पिशवीला घडी घातली. "च्या घेतो का?" म्हणाले.

मी म्हणालो, भाचीची तपासणी करायची, उद्याच. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदलला. माझ्या बहिणीचं मधलं एक बाळंतपण सहाव्या महिन्यातच गेलं होतं. ती चार महिने अंथरुणाला होती. मामा म्हणाले, तिला आता हे ऐकवू नको. धसका घेईल. मी म्हणालो, तिला न सांगता नेऊ. "आन डब्यात मुतायला लावल्यावर आय इचारणार न्हाई का? येडा हाईस का तू? बाळंत होऊ दे. मंग मी सवता सांगतो, सवता नेतो पोरीला. तुझ्या पाया पडतो, भाच्या." आणि खरंच वाकले. पंचाहत्तरीचा माणूस, त्यातून मामा, त्यातून सासरा. मी त्यांचे हात धरले आणि शब्द दिला.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती सुपात ज्वारी निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

"माहीत म्हंजे काय? एक कागद व्हता. कागदावर लई काय काय लिव्हलेलं ऱ्हातं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शिकलेला. तू न्हाई म्हणला असता. मंग माझ्या भावाची पोर कुठं गेली असती?"

आईने सूप खाली ठेवलं नाही. तिचे हात चालूच होते, पण खडे आणि दाणे दोन्ही एकाच बाजूला पडत होते. त्या दिवसापासून माझी बायको तिच्याशी कामापुरतं बोलते. मी तेवढंही बोलत नाही.

औषध सुरू झालं. गोळ्या जिल्ह्यात मिळत नव्हत्या, संभाजीनगरहून मागवाव्या लागायच्या. शेंगदाणे बंद, तीळ बंद, चॉकलेट बंद. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी कशी करतात ते माझ्या बायकोला नव्याने शिकावं लागलं. पण यकृताचं फार झालं होतं. पोटात पाणी भरायला लागलं. एके दुपारी मुलीने मला खुणेने वह्या मागितल्या. तिने बरोबर ते पान काढलं आणि बोट ठेवलं. मुद्दाम करतेस. मी लाल पेन आणलं आणि शेरा खोडला. तिने बोट हलवलं नाही. मग मी खाली लिहिलं, चूक माझी, आणि सही केली. तेव्हा तिने वही मिटली.

फेब्रुवारीत बहीण बाळंत झाली. मुलगा झाला. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, सव्वा महिना होऊ दे, अंगावर दूध हाये. मी बरं म्हणालो. मार्चच्या शेवटी माझी मुलगी गेली. मामांनी तोवर कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही. माझ्या बहिणीला एवढंच माहीत होतं की माझ्या मुलीला लिव्हरचा काहीतरी आजार आहे. फोनवर तिने दोनदा मला खोदून विचारलं होतं. मी दोन्ही वेळा विषय बदलला.

कुमारिकेचं म्हणून दहाव्यालाच सगळं थोडक्यात उरकायचं ठरलं. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी माइक असतो. प्रवचन होतं, आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. मुख्याध्यापक बोलले. सरपंच बोलले. अल्पशा आजाराने, असं तिघांनी म्हटलं. कुणीतरी नियतीचा क्रूर घाला असंही म्हणालं. दीड वर्ष ती झिजत होती, गावासमोर. मामा पहिल्या रांगेत गुडघे जवळ घेऊन बसले होते. बायकांच्या बाजूला बहीण, मांडीवर बाळ, शेजारी भाची तिच्या पदराशी खेळत होती. आभार मानायला माइक माझ्याकडे आला.

मी आभार मानले. मग म्हणालो, हा आजार अल्पसा नव्हता, त्याला नाव आहे. नाव दोनदा उच्चारलं. अक्षर बिघडणं, हात कापणं, लाळ, जड जीभ, लहान वयातली पुन्हा पुन्हा येणारी कावीळ, ही लक्षणं सांगितली. तांब्याचं पाणी मी स्वतः पाजलं ते सांगितलं. वर्गात शिकवतो तसं, सावकाश. नात्यातल्या लग्नाचं सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, आमच्या घरात हा आजार आधी एकाला होऊन गेला होता, ते आम्ही लपवलं. ज्यांच्या घरात आमचं रक्त आहे त्यांनी मुलांची तपासणी करून घ्या.

"सर, हितं नका," कुणीतरी मागून म्हणालं. मामा उठले, पायात चपला न घालता चालू लागले. माझा मेहुणा, म्हणजे बहिणीचा नवरा, त्यांच्यामागे चपला घेऊन धावला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

माणसं पांगल्यावर बहीण माझ्याजवळ आली. बाळ कुणाकडे तरी दिलं होतं. भाचीचा हात तिने मनगटाशी घट्ट धरला होता.

"दादा, तुला कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

"दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. महिने मोजल्यासारखे तिचे ओठ हलले. "आन माझी पोरगी?"

"मामा म्हणाले तुझं बाळंतपण होऊ दे. मागच्या वेळेसारखं..."

"मामंजी म्हणले. ते तर म्हणणारच. सासरची माणसं हायेत माझी." ती रडत नव्हती. "तू कोण व्हता माझा?"

पाच महिने मी जे केलं त्याला मामांनी आणि आईने इतकी वर्षं जे केलं त्यापेक्षा वेगळं नाव देता येईना. कारणही तेच होतं. काळजी.

"आन सांगितलं ते असं," ती म्हणाली. "साऱ्या गावासंगं मलाबी. भोंग्यावर."

ती निघून गेली.

गावात बोलणं झालं. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात एकजण माझ्या मागे म्हणाला, सरांनी पोरीच्या दहाव्यात शाळा भरवली. लांबच्या एका नातेवाइकाचा फोन आला, माझ्यामुळे त्याच्या पुतणीची जमलेली सोयरीक मोडली म्हणून. मी ऐकून घेतलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मात्र बोलावलं, आशाताईंच्या महिन्याच्या बैठकीत हेच सांगा म्हणाले. मी वह्यांच्या पानांचे फोटो घेऊन गेलो. नजर उतरवायला सांगणाऱ्या बाई पुढेच बसल्या होत्या. बैठक झाल्यावर म्हणाल्या, "सर, आमाला तरी कुणी सांगितलं व्हतं?" खरं होतं. तेव्हापासून फोन येतात. घनसावंगीकडच्या एका आईने मुलाच्या गृहपाठाचा फोटो पाठवला, हात कापतो म्हणाली. तपासणीत त्याला दुसरंच काही निघालं, थायरॉईडचं, बरं होण्यासारखं. तिने पेढे पाठवले. मला ते खाववले नाहीत, बायकोने शाळेत वाटून टाकले.

दहाव्यानंतर महिन्याने संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात माझी बहीण दिसली. माझ्या बायकोने मला वेळ सांगितली होती, बहिणीने नव्हती. मी जिन्याजवळ थांबलो. ती बाकावर बसली होती, भाची तिच्या मांडीवर डोकं ठेवून. मेहुणा औषधाच्या खिडकीशी रांगेत होता. तिने मला पाहिलं. मग पिशवीतून कागद काढले आणि माझ्यापुढे धरले.

"इंग्रजीत हाये. बाईंनी सांगितलं मघाशी, पर मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. सगळं वाच. काही ठेवून घेऊ नको."

मी तिच्या शेजारी, पण जरा अंतर ठेवून बसलो. वरच्या ओळीपासून वाचायला लागलो. वय, वजन. रक्तातलं तांबं वाहून नेणारं प्रथिन कमी. लघवीतलं तांबं जास्त. यकृताला थोडी सूज. डोळ्यात कडं नाही. मेंदूवर परिणाम नाही. औषध जन्मभर. लहान भावाची तपासणी तो थोडा मोठा झाल्यावर. प्रत्येक ओळ इंग्रजीत आणि मग मराठीत वाचली. भाचीने डोकं न उचलता विचारलं, "मला बी ते झालंय का, ताईला झाल्तं ते?"

मी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने मान हलवली, सांग म्हणून.

"हो," मी म्हणालो. "तुला तेच आहे. पण लवकर कळलंय. गोळ्या घेतल्या की तुला काही होणार नाही."

"रोज?"

"रोज."

"शाळेत बी?"

"शाळेत पण."

बहिणीने कागद माझ्या हातातून घेतले, एकावर एक बरोबर लावले.

"पाच महिने आधी कळलं असतं तर?" तिने विचारलं.

आदल्या दिवशी रिपोर्ट आल्यावर हे मी डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं होतं. "डॉक्टर म्हणतात हिच्या बाबतीत फरक पडला नसता."

"ते डॉक्टरनं म्हणायचं," ती म्हणाली. "तू न्हाई."

खिडकीवरून मेहुण्याने हाक मारली, गोळ्या कधी घ्यायच्या ते लिहून घ्यायला ये म्हणून. ती उठली, मुलीला उठवलं आणि गेली. माझ्याकडे पेन होतं. तिने ते मागितलं नाही, खिडकीतल्या माणसाकडून घेतलं.